भांड्यांवरचं नाव

३ फेब्रुवारी १९७२
पहिलं पातेलं घेतलं. स्टीलचं, मधल्या आकाराचं. ह्यांनी कंपनीतून लोहचुंबक आणून दिलं होतं – चिकटलं तर घ्यायचं नाही. चिकटलं नाही.

घरी आणलं नाही. शेजारच्या गिरजाबाईंकडे पोत्यात ठेवलं. भोसरीची खोली एक मार्चला मिळणार. तोवर मामंजींना कळता कामा नये. गेल्या वर्षी ह्यांनी वेगळं राहण्याचा नुसता विषय काढला, तर मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. "चिंचवडात देवधरांची चूल एकच." हे गप्प बसले. पुन्हा गप्प बसतील.

८ फेब्रुवारी
तीन ताटं निवडली. ह्यांचं, माझं, लेकीचं – चित्राचं. काठ बोटानं तपासले. बूड पातळ होतं म्हणून दुधाचं पातेलं परत केलं. दुकानदार नंदकिशोरशेठ म्हणाले, ताटं परवा न्या.

परवा का? विचारायला हवं होतं.

१० फेब्रुवारी
तिन्ही ताटांवर नाव घालून ठेवलंय – ना. ग. देवधर. मामंजींचं!

"वहिनी, तुमच्या घरचं नाव काय विचारायचं? माझे वडीलही हेच घालायचे."

घासून जात नाही. घासलं की तिथेच जास्त दिसतं. घरी बोलू नका म्हटलं. शेठ हसले. मामंजी रोज त्यांच्या दुकानावरून फिरायला जातात.

११ फेब्रुवारी
मामंजी फिरून आले. आमटीत मीठ कमी, एवढंच म्हणाले.

१५ फेब्रुवारी
भांडी घासताना पाहिलं. तांब्या, परात, डबे – सगळ्यांवर मामंजी. सासूबाई सगळ्यांच्या मागून जेवतात. त्यांच्या ताटावरही तेच नाव. अकरा वर्षं घासतेय, कधी वाचलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी
सासूबाई भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गिरजाबाईंकडे हल्ली फार जाणं होतं."

मी लोकर, विणकाम, असं काहीतरी बोलले. हातातल्या शेंगा खाली पडल्या. त्यांनीच उचलल्या.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग राहू दे का यंदा?

२४ फेब्रुवारी
पोत्याची गाठ माझी नाही. मी सुरगाठ मारते. ही निरगाठ. गिरजाबाई घरी नव्हत्या. सोडून बघायचा धीर झाला नाही.

सासूबाईंनी मामंजींना सांगितलं असेल. मग ते बोलत का नाहीत? वाट बघतायत – ह्यांच्या पहिल्या शब्दाची.

२९ फेब्रुवारी
उद्या खोलीची किल्ली. हे आज मामंजींशी बोलणार होते. बोलले नाहीत.

दुपारी पोतं सोडलं. ताटं चार. मी तीन घेतली होती. चौथं नवं, त्यावर एकच शब्द – सावित्री. आडनाव नाही.

गिरजाबाई म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई ठेवून गेल्या. विचारत होत्या, भोसरीच्या खोलीत चौघं मावतील का."