रावसाहेबांच्या मेंदूतला उंचवटा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोज लिहिणार, आणि शुद्ध लिहिणार. पीएचडीवाल्या बाईने फळ्यावर ‘डोपामिन’ तीन प्रकारे लिहिलं आहे. मी बारावी अर्ध्यात सोडली, पण एकाच प्रकारे लिहितो.
सध्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. तात्पुरतं. तंत्रज्ञाची जागा निघाली आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शुक्रवारी ठरवणार. दुसरा लायक माणूस मला तरी दिसत नाही.

५ मार्च. ११.०५
यंत्र समजलं. उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक तार असते. उंदीर खूश झाला की डोपामिन सुटतं, तारेतली वीज वाढते, पडद्यावर उंचवटा येतो. एवढ्यासाठी ही मंडळी सहा-सहा वर्षं शिकतात!
उंदराचं नाव आम्ही (म्हणजे मी) रावसाहेब ठेवलं आहे. आज त्यांच्या जाळीच्या पेटीचं दार उघडून ‘काय म्हणता?’ विचारलं. उंचवटा! दार लावलं, रेघ सरळ. पुन्हा उघडलं, पुन्हा उंचवटा.
मला बघून ते खूश होतात. घरात असं कुणाचं होत नाही.

६ मार्च
पीएचडीने माझे चौदा उंचवटे ‘कचरा’ म्हणून पुसले. निव्वळ जळफळाट. स्वतः मात्र रोज सूर्यफुलाची बी चारते. लाच!
घरी सांगितलं. वहिनी म्हणाली, चला भावोजी, तुमच्यावर भाळणारं कुणीतरी सापडलं, आता मुलगीही त्यालाच शोधायला सांगा. दादाला हसताना ठसका लागला. या लोकांपुढे विज्ञान बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

७ मार्च, शुक्रवार
शर्टाला दोनदा इस्त्री. मॅडमना तक्ता दिला: एकेचाळीस भेटी, एकेचाळीस उंचवटे. म्हणाल्या, अरे, अक्षर किती सुंदर आहे तुझं! अर्धी नोकरी तिथेच मिळाली.
मग त्यांनी रावसाहेबांना बाहेर काढवलं, पेटीत मीठपाण्याचा ग्लास ठेवला, त्यात तशीच दुसरी तार सोडली आणि मला म्हणाल्या, आता रोज करतोस तसंच कर. पोरखेळ. तरी दार उघडलं. सवयीने ‘काय म्हणता?’ही विचारलं.
उंचवटा. रावसाहेबांपेक्षा मोठा.
मॅडम म्हणाल्या, अरे, बाहेरच्या विजेचा गोंगाट आत शिरू नये म्हणून तर ती जाळी आहे, तू दार उघडलंस की तो शिरतो. पीएचडी म्हणाली, अगदीच तसं नाही मॅडम, मीठपाण्याचाही जीव आहे यांच्यावर.

१० मार्च
जागा दुसऱ्याला गेली. मला मात्र जबाबदारीचं काम मिळालं: पेटीवर पाटी लावणं. ‘दार उघडू नये.’ एकही चूक नाही.
पाटी लावल्यावर रावसाहेबांसमोर, दार न उघडता, बारा मिनिटं उभा राहिलो. हसूनही पाहिलं. रेघ सरळ.
तेवढ्यात पीएचडी आली. दाराला हात लावला नाही, हातात बीसुद्धा नव्हती.
उंचवटा.
उंदराला माणसाची पारख नसते. बाटल्या राहिल्या आहेत.