बर्फाचं यंत्र, पुढचं की मागचं

काष्टी, ता. श्रीगोंदा
दि. ४ ऑक्टोबर २०२५

चि. अमृत यास,
भागवतदादाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे जसे होते तसे. पाऊस परवापासून उघडला, पण बागेत अजून घोट्याएवढा चिखल आहे, त्यामुळे फवारणीचा ट्रॅक्टर आत घालता येत नाही आणि डाळिंबावर डाग वाढत चाललाय. निकिताची परीक्षा संपली, आता दिवसभर मोबाईल. तिकडे सूनबाई रोहिणी बरी असेल. तिच्या हाताला लागलं होतं ते भरलं का?

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू कामावरून दमून आलेला असतोस, इथे निकिता मोबाईल धरून शेजारी उभी, आणि मागून आई विचारते, काय म्हनतोय. अशात मला नीट बोलता येत नाही. पत्र पोचेपर्यंत यंत्र घेऊ नकोस असं परवा सांगितलं तर तू हसलास. हसलास तरी घेऊ नकोस.

आता त्या यंत्राचंच बघू. अरे, तू मला पंधरा दिवसांत अकरा व्हॉइस मेसेज, सहा व्हिडिओ आणि इंग्रजीतली दोन पुस्तकं पाठवलीस. निकिताला ती वाचायला बसवलं तर ती दोन पानांत कंटाळली. मी जन्मात बर्फ बघितला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. आणि मी तुला सांगायचं की तुझ्या कॅनडातल्या घराच्या फाटकापासून दारापर्यंतच्या अडीचशे फूट रस्त्यावरचा बर्फ कशाने उडवावा! उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या?

तरी हाकल्या. अवजारांच्या दुकानात बिभीषणकडे गेलो. म्हटलं, छोट्या ट्रॅक्टरला लावायचा ब्लोअर दाखव. त्यानं फवारणीचा दाखवला, सहाशे लिटरच्या टाकीचा. म्हटलं, हा नव्हे, बर्फाचा. तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "दादा, तुमाला बरं वाटत न्हाई का? बसा, च्या सांगतो." मग त्याला तुझे व्हिडिओ दाखवले. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, तीही जमली. एक तास सगळं दुकान कॅनडातला बर्फ बघत बसलं, आणि शेवटी बिभीषण म्हणाला, "सोपं हाय की. म्होरं आपल्या रोटाव्हेटरवानी फिरतंय, मागं पंखा हाय, त्यो फेकतोय." एवढी अक्कल मलाही होती.

पण त्यातून मला जे कळलं ते लिहितो. तुझा ट्रॅक्टर पंचवीस हॉर्सपॉवरचा, म्हणजे आपल्या बागेतल्या मिनी ट्रॅक्टरएवढाच. त्याला पाच फुटांच्या वर यंत्र घेऊ नकोस, इंजिन घुसमटेल. मात्र रुंदी चाकांच्या बाहेर दोन्हीकडे चार बोटं तरी गेली पाहिजे, नाहीतर उडवलेल्या बर्फावरून तुझीच चाकं जातील. नुसता फिरणारा स्क्रू असलेलं घेऊ नकोस, पंखावालं घे. आणि त्यात तुटायचा म्हणून जो बोल्ट दिलेला असतो, तो तुटला तर तसलाच घाल. इथे लोक बोल्ट सारखा तुटतो म्हणून चांगला पोलादी घालतात आणि मग गिअरबॉक्स फोडून घेतात. बोल्टला तुटू दे.

राहिलं पुढचं की मागचं. पुढे बसवायचं यंत्र महाग, त्याला इंजिनाची ताकद द्यायला खालून वेगळा फिरता शाफ्ट न्यायचा, सगळा सांगाडा जोडायचा. मागचं स्वस्त, मागच्या थ्री पॉइंटच्या दांड्यांना अडकवलं की झालं, फक्त ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवायचा. तिथला तो म्हातारा शेजारी त्याचं जुनं, मागचं, फुकटात दिल्यासारखं देतोय. मी कुणालाही सांगेन, मागचं घे. तुलाही तेच सांगणार होतो.

मग तुझा तो शेवटचा मेसेज आला. तू म्हणालास, "दादा, मागचं घेतलं तर सारखं मागे वळून बघत चालवावं लागेल, आणि ते माझ्याने होणार नाही. मी तेव्हा बघितलं नाही ना." बाकी नेहमीसारखं, जेवलात का, पाऊस काय म्हणतो. हे मधेच, आवाजही न बदलता. निकितानं ऐकलं आणि ती माझ्याकडं बघायला लागली. मी तिला म्हणालो, तुझा काका दमलाय.

त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष नाही. आधी तुझाच राग आला, खरं सांगतो. नऊ वर्षं झाली, म्हटलं, किती दिवस उराशी धरून बसणार हा? मग स्वतःचा आला. मग बिभीषणचा, ट्रॅक्टरचा, त्या म्हाताऱ्या गोऱ्याचा. त्याच्या यंत्राचा फोटो तू पाठवलास त्यात शाफ्टला कव्हर नाही. तू विचारलंस तर तो म्हणे हसला, त्याची काही गरज नसते म्हणाला. म्हणजे जगात सगळीकडे तेच. इथेही बघ, कुणाच्याच ट्रॅक्टरला ते कव्हर दिसायचं नाही. नवं अवजार दारात आलं की हळदकुंकू, नारळ, पेढे, आणि लगेच पाना घेऊन शाफ्टचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, कारण ते असलं की ग्रीस भरायला हात जात नाही. काढलेलं कव्हर शेडच्या कोपऱ्यात. आपल्या ब्लोअरचंही मीच काढलं होतं.

हे वाक्य लिहून मी मघाशी उठलो आणि गाईंना पाणी पाजून आलो. आता एका बैठकीत लिहितो.

अमृत, आण्णा, आपले वडील, ज्या दिवशी अडकले त्या दिवशी शाफ्टला कव्हर नव्हतं. तू पुण्याहून आदल्या दिवशी आलेला, तुला माहीत असायचं कारण नाही. आण्णा मला दोनदा म्हणाले होते, "भागवत, ते कव्हार बशीव बाबा, धोतार हाय माजं." मी म्हणालो, उद्या बसवतो. उद्या करता करता पावसाळा आला.

तू सीटवर होतास, आण्णा मागे टाकीत औषध ओतत होते, मी विहिरीवर मोटारीपाशी. औषध ढवळायला पीटीओ, म्हणजे तो मागचा शाफ्ट, चालू करावाच लागतो, तिथे दुसरा कुणी असता तरी त्यानं तेच केलं असतं. आणि तू मागे बघितलं होतंस. ऐकतोयस ना? तू सीटवर हात टेकून पूर्ण वळलास, आण्णांनी हात वर करून "सोड" म्हणून खूण केली, मगच तू क्लच सोडलास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ते लांब उभे होते. नंतर औषधाची बाटली पडली आणि ती उचलायला ते आत वाकले. उघड्या शाफ्टनं धोतराचा सोगा धरला. इंजिन बंद करायला तुला जेवढा वेळ लागला त्याच्यापेक्षा कमी वेळात कुणालाच करता आलं नसतं.

तू टेम्पोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नगरला गेलास. मी म्हणालो, गाडी घेऊन मागून येतो. मी लगेच निघालो नाही. शेडमधून कव्हर आणलं, पुसलं आणि बसवलं. आण्णा गेल्यावर पंचनाम्याला लोक आले तेव्हा कव्हर जागेवर होतं. तू परत आल्यावर त्याच्याकडे बघत उभा राहिलास आणि मला विचारलंस, "दादा, कव्हर असताना कसं अडकलं?" मी म्हणालो, "जोडाच्या टोकाला उघडंच असतंय. तू सोडताना मागं बघितलं न्हाईस."

एवढंच बोललो होतो. पण आई तिथेच बसली होती, भावकी बसली होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की धाकट्यानं न बघता चालू केला. मी कुणाचं म्हणणं खोडलं नाही. तू पुढच्या वर्षी कॅनडाला गेलास. तीन वर्षांपूर्वी आलास तेव्हा दोन तास ओसरीवर बसलास, शेतात पाय टाकला नाहीस, आणि मी मनात म्हणालो, बरं झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असेल. तू ब्लोअरकडे गेला असतास तर पुन्हा विचारलं असतंस.

आणखी एक आहे. आण्णा जायच्या आधी, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी, थोडे शुद्धीवर होते. तू औषधं आणायला खाली गेला होतास. मला म्हणाले, "भागवत, पोराच्या डोक्यावर ठिवू नको." त्यांना कळलं होतं की मी काय करणार. मी मान हलवली. हो म्हणालो. आणि तरीही ठेवलं, नऊ वर्षं ठेवलं. याला माफी काय मागायची असते ते मला येत नाही. माफ कर असं लिहायला बसलो तर तो शब्द फार लहान वाटतो. मी भित्रा माणूस आहे अमृत, थोरला असून.

यंत्राचं असं कर. पुढचं घ्यायचं तर घे, पण तुला मागे बघता येत नाही म्हणून घेऊ नकोस. तुला बघता येतं. मागचं घेतलंस तर म्हाताऱ्याला सांग, कव्हर आधी आणून दे, मगच यंत्र हलवतो. कव्हर मिळालं नाही तर फुकट दिलं तरी नको. रोहिणीला, कुणालाही, यंत्र चालू असताना जवळ येऊ देऊ नकोस, आणि गळ्यातला तो लांब मफलर घालून ट्रॅक्टरवर बसायचं नाही.

काल दुपारी हे सगळं आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. हातातला गड्डा संपवून म्हणाली, "त्याला कळिवलं का?" म्हटलं, उद्या लिहितो. रात्री माझं ताट वाढायला उठली नाही. सकाळी म्हणाली, "ल्ह्याचं झालं की मला वाचून दाव."

आता वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं तिनं. गावात आता कुणाकुणाला सांगायचं ते मी बघतो, भावकीपासून सुरुवात करीन. तू येशील की नाही, फोन करशील की नाही, हे विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही. आई म्हणते, खाली माझंबी ल्ही. ती सांगते तसं लिहितो:

"अमृत, लेकरा, भागवतनं खोटं सांगितलं, पर म्या ते लगीच खरं धरलं. तुला एक डाव इच्यारलंसुदिक न्हाई. आन् तू जायला निगालास तवा पाय दुकत्यात म्हनून म्या दारात आले न्हाई. माजे पाय दुकत न्हवते रं त्या दिशी."

भागवत