एकोणीसपैकी अठरा

६ मे, सोमवार
तळपायाची आग मस्तकात गेली आहे! अकरा वर्षांत चौदा शोधनिबंध लिहिले, अशी मुजोरी कुणी केली नव्हती. नियतकालिकाचा परीक्षक — नाव नाही, गाव नाही — लिहितो, "तोराजाच्या डोंगरातले रुग्ण इतके जगतात हे पटत नाही. पुन्हा तपासा."

का पटत नाही? आम्ही माकासारसारख्या लांबच्या बंदरातले म्हणून? नाकामागच्या कॅन्सरला तेहेतीस दिवस किरणं द्यायची असतात. डोंगरातली माणसं नऊ तास बसमधून येतात, अर्ध्यातच उपचार सोडून जातात. म्हणून मी वीस दिवसांत बसवलं, रोजची मात्रा वाढवून. दोन वर्षांनी एकोणीसपैकी अठरा जिवंत. किनाऱ्यावरच्या तेहेतीस दिवसवाल्यांइतकेच! हा निबंध छापून आला की वीस दिवस हाच नियम होणार. आणि हा शहाणा म्हणतो, पटत नाही.

७ मे
रुग्णांच्या घरी फोन हस्नियाने केले होते. तिला विचारलं, नीट विचारलंस ना? सिस्टरबाई फुरंगटल्या. "नीट म्हणजे? घरच्यांना 'जिवंत आहेत का' असं विचारू? कसे आहेत, एवढंच विचारते मी. माणुसकी आहे की नाही!"
बरोबरच आहे तिचं.
आमचे विभागप्रमुख बासोसर म्हणाले, "अगं तेन्री, 'फोनवर खात्री केली' असं लिहून मोकळी हो. विभागाचे यंदा दोनच निबंध झालेत." ह्यांना फक्त आकडा हवा! ओठांवर आलं होतं, गिळलं.

९ मे
स्वतः फोन लावला. मार्तेन तांदिलांगी, पहिल्या तुकडीतला. बायकोने, लुदियाने, उचलला.
"आजारीच आहेत. खोलीत पडून असतात."
जेवतात का?
"ताट नेऊन ठेवते की रोज. सकाळी कॉफी."
बोलतात?
"पूर्वी तरी कुठे बोलायचे!"
हसलो दोघी. दुखतं का विचारलं. "छे, आता काही दुखत नाही."
घ्या! आता बोल म्हणावं त्या परीक्षकाला.

१३ मे
पुन्हा पत्र. "निदान एक रुग्ण प्रत्यक्ष पाहिलात का?"
जाते! मार्तेनच्या शेजारी बसून फोटो काढते आणि त्याच्या तोंडावर मारते.

१८ मे, शनिवार
लुदिया दारातच भेटली. आत वाकून म्हणाली, "अहो, माकासारच्या डॉक्टरबाई आल्यात तुम्हाला बघायला."
इस्त्रीचा शर्ट. छातीपर्यंत पांघरूण. उशाशी कॉफीचा पेला, गार झालेला. मी सवयीने नाडीला हात घातला.
आणि काढून घेतला.
"कधीपासून?" मी विचारलं.
"चौदा महिने झाले. दीर पापुआहून आले की ऑगस्टमध्ये विधी. तोवर आजारीच ना!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बस गं बाई. तुझ्यासाठीही ओतते."
ती खोटं बोललीच नव्हती. देह औषध टोचून घरातच ठेवतात; अंत्यविधी होईपर्यंत ह्या डोंगरातल्या लोकांत कुणी मेलेलं नसतं, आजारी असतं. अख्ख्या माकासारला ठाऊक आहे. मलाही — शाळेपासून! बरोबरीच्या मुली आजोबांबद्दल अशाच बोलायच्या. फोन धरताना एकदाही मनात आलं नाही. अठरा हा आकडा मला हवा होता ना!
बासोसरांना हसत होते मी.
कॉफी प्यायले. फोटो काढला नाही.

१९ मे, रविवार
उरलेल्या सतरा घरी मीच फोन लावले. 'कसे आहेत' विचारलं नाही. 'विधी कधी आहे?' एवढंच विचारलं.
बारा घरी शिव्या खाल्ल्या. एका आजोबांनी तर स्वतः फोन घेऊन माझा उद्धार केला. किती बरं वाटलं!
पाच घरांनी महिना सांगितला.
निबंध मागे घेतला. उद्या तीन नवे रुग्ण येताहेत, डोंगरातलेच. वीस दिवसांच्या कागदांवर माझी सही झालेली होती. फाडले.
तेहेतीस.