तेल पिणारा डेक

४ नोव्हेंबर
आले एकदाची! कोलशेतला खाडीलगत सरोजबाईंचा बंगला. मागे भलामोठा लाकडी डेक, बाहेरच्या भिंतींनाही लाकडी पट्ट्या. पावसाने सगळं काळंठिक्कर पडलंय. तीन आठवडे सहज लागतील. राहायला मागची खोली दिलीय. लेकीला, क्षिप्राला, वर्तकनगरला सासूबाईंकडे ठेवलंय. सुदेश जाऊन आठ महिने झाले. पॉलिशची कामं आम्ही नवरा-बायको जोडीने करायचो. हे मी एकटीने घेतलेलं पहिलंच. सरोजबाई सत्तरीच्या, एकट्याच राहतात. म्हणाल्या, अगं, आधी जेव, लाकूड कुठे पळून चाललंय?

६ नोव्हेंबर
शेवाळ घासून काढलं, डेक धुतला, उन्हात वाळू दिला. मग लाकडाच्या रेषा धरून पॉलिशपेपर मारला. चपला काढूनच काम करते, ओरखडे नकोत. तीन फळ्या कुजल्यात. बदलूया म्हटलं तर सरोजबाई एकदम साफ नाही म्हणाल्या. एकही फळी हलवायची नाही.

८ नोव्हेंबर
अळशीच्या तेलाचा पहिला हात दिला. फळ्या अक्षरशः तेल पितात! दिवसभर गुडघ्यांवर बसून फडकं फिरवलं, तरी गुडघे दुखले नाहीत. सुदेशची आठवण आली, पण रडू आलं नाही. किती दिवसांनी बरं वाटतंय.

११ नोव्हेंबर
पायाच्या तळव्यात लाकडाची बोटभर सल घुसलेली. कळलंच नाही. मागे रक्ताचे ठसे दिसले तेव्हा समजलं. पुसायला फडकं आणलं, तोवर फळ्या कोरड्या. सावलीत असूनही कोमट.
सरोजबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, दुखणं घेतो गं तो डेक. माझा मुलगा गेला तेव्हाही त्यानेच घेतलं. मी मुलाचं नाव विचारलं. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, होता एक.

१३ नोव्हेंबर
काम सोडायचं ठरवलं. बॅग भरली. डेकवरची हत्यारं उचलायला वाकले आणि— बसलेच. उठले तेव्हा तेलाचा दुसरा हात देऊन झालेला. संध्याकाळ झालेली.

१४ नोव्हेंबर
सुदेशचा फोटो पाहिला. माणूस बरा दिसतो.
भिंतीला तेल लावताना पट्ट्यांच्या आतून हुंदके ऐकू आले. कान लावला. आवाज माझा आहे.

१६ नोव्हेंबर
क्षिप्राचा फोन. रडत होती. मी ऐकत राहिले. अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं, ते आठवेना. सासूबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, पोर जेवत नाही, उद्या तिला घेऊन येते. नको म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, या.
लिहून ठेवते— क्षिप्राला डेकवर येऊ द्यायचं नाही. का, ते वर आहे. वाचायचं.

१७ नोव्हेंबर, दुपार
आल्या. सासूबाई सरोजबाईंशी बोलतायत. मुलगी डेककडे पळाली. खिडकीतून दिसते.
कालचं वाचलं. दोनदा. अक्षरं कळतात— पण
ओरडायला हवं. उठायला—
भिंतीतून कोणीतरी तिला हाका मारतंय. नको, नको म्हणून. जिवाच्या आकांताने. मी इथे बसून—
तिचा पाय फळीवर पडला. हसत होती. आता हसत नाही. माझ्याकडे बघतेय, जशी मी कोणी