उबेचं बियाणं

२ मार्च
पोचले. खोली लहान, पण खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांसकट. हे गेल्यापासून पहिल्यांदाच एवढा प्रवास एकटीने केला. काम सोपं आहे: डोंगरावरच्या पहिल्या शेतकऱ्यांचं जुनं धान्य उकरून काढलंय, ते कोरड्या ब्रशने झाडून निवडायचं. निवडण्या-पाखडण्यात माझा जन्म गेला. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, इथे माणसांपेक्षा मडकी जास्त, आणि दोन्ही तडकलेली. पोटभर हसलो.

५ मार्च
खोदकामाच्या साहेबांनी अहवाल वाचायला दिला. प्रत्येक बांधाखाली एक बाई सापडली, बसलेली, कमरेशी जवाचे दाणे. थंडीत बी मरायचं. म्हणून जिचा नवरा गेला, तिने ते हिवाळाभर अंगाच्या उबेत सांभाळायचं आणि पेरणीला त्या बियाण्यासोबत मातीत बसायचं. हाडांवर घाव एकही नाही. साहेब म्हणाले, आपणहून बसल्या असाव्यात. जेवण गेलं नाही मला.

९ मार्च
चूक झाली. हाताच्या सवयीने मूठभर दाणे पाण्यात धुतले. साहेब रागावतील म्हणून फडक्यात बांधून कमरेला खोचले, वाळतील म्हणून. हजारो वर्षांचं मेलेलं धान्य, त्याला काय होणार?

१० मार्च
गाठ सुटत नाही. कात्री लावली फडक्याला, कळ आली माझ्या पोटात.

१२ मार्च
मोड आलेत. आतल्या बाजूला, कातडीत. लेकीला फोन केला. म्हणाली, रविवारी जावयांना घेऊन येते, तोवर आई, तू जागची हलू नकोस.

१४ मार्च
सकाळी जाग आली ती वरच्या बांधापाशी. अनवाणी. खणलेल्या खड्ड्यात बसले होते, आणि बरं वाटत होतं. हे गेल्यापासून इतकं बरं कधी — नको. मला घरी जायचंय.

१५ मार्च, रविवार
पुन्हा इथेच. दुपार. पाय मातीत — उठवत नाही.
गाडी आली. लेक चढतेय, एकटीच. जावई खाली गाडीपाशी थांबलेत.
कोंब वळले. तिच्याकडे. सगळे.
असं कसं? ती सवाष्ण आहे. तिचा नवरा तर तिथे —
दरड कोसळल्याचा आवाज. गाडी दिसत नाही. माणसं धावतायत. लेकीने मागे पाहिलेलं नाही, ती माझ्याकडेच हात करून —
पोरी, वर येऊ