दोन आखूड, एक लांब

प्रिय उनाड,

बाबांनी तुला ठेवलेलं हे नाव इतक्या वर्षांनी पुन्हा लिहिते आहे. दुसऱ्या कुठल्या नावानं तुला पत्र लिहायची मला सवयच नाही. आज शनिवार. थंडी सरली. टाकीवरची बर्फाची काच आज सकाळी बोटानं दाबली तरी फुटली. आठवड्यापूर्वी तिच्यावर बाबांना कुऱ्हाडीचा दांडा आपटावा लागत होता. पागोळ्या दिवसभर गळताहेत आणि पायवाटेवर इतका चिखल आहे की उद्या तुझ्या सासऱ्यांचे बूट त्यात राहिले तर नवल नाही. भुरी चुलीपाशी पाय ताणून झोपली आहे, तिच्या पोटाला टेकून उरल्या, आणि दोघांपासून फटकून, रुसल्यासारखा, दारातल्या पोत्यावर आमचा म्हातारा कुत्रा. त्याला आता ऐकू येत नाही. ताटात हाड पडलं तर मात्र येतं.

तुझं पत्र आलं ते पहिल्या धुक्यात. दुधाच्या गाडीवाल्यानं आणून दिलं; भुरी आमच्याकडे असल्याचं तुला सांगणाराही तोच, हे त्यानंच कौतुकानं सांगितलं. पत्र बाबांच्या नावाचं होतं. बाबांना वाचता येत नाही आणि या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी एकटीच, तेव्हा ते मलाच मोठ्यानं वाचावं लागणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी वाचलं. बाबांचे गुडघे कसे आहेत, मेंढ्या किती झाल्या. मग तुझं लग्न झाल्याचं. मग सासऱ्यांच्या दोनशे मेंढ्या, त्यांच्याकडे कामाचं कुत्रं नसल्याचं. आणि मग, ‘माझी भुरी मी विश्वासानं तुमच्याकडे सोपवली होती, तिचा सांभाळ केल्याबद्दल आभारी आहे. थंडी सरली की सासऱ्यांना घेऊन येतो आणि तिला नेतो.’ बाबा पायमोजे काढत होते. एक अर्धाच काढलेला पायात तसाच ठेवून ते म्हणाले, सोपवली होती म्हणतो? पुन्हा वाच गं तेवढं. मी तेवढं पुन्हा वाचलं. लग्नाचं पुन्हा वाच असं ते म्हणाले नाहीत, आणि चुलीत लाकूड सारायला लागले.

तुझी शीळ आठवते का तुला? हा प्रश्न मूर्खपणाचा आहे, तुला ती आठवते म्हणून तर तू इतक्या खुशाल येतो आहेस. दोन आखूड, एक लांब, आणि लांब शिळेच्या शेवटी किंचित वर चढलेला सूर. टेकडीच्या त्या अंगाला भुरी असो, तोंडासमोरचं दिसत नाही असं धुकं असो, ती शीळ घातलीस की भुरी बाणासारखी तुझ्याकडे यायची. मीही यायचे. मागच्या खिडकीशी मी वही उघडून बसलेली असायचे आणि तू कुंपणापाशी तीच शीळ घालायचास. आम्हा दोघींना एकच शीळ. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. एकदा आम्ही दोघी एकाच वेळी धावत आलो आणि फाटकात अडकलो, तेव्हा तू म्हणाला होतास की तुम्हा दोघींत जास्त शहाणी कोण ते कळत नाही. मी म्हटलं होतं, भुरी, कारण ती पुढच्या महिन्यात परीक्षेला बसत नाही. तेव्हा किती हसलो होतो आपण.

तू शहरात गेलास त्या आठवड्यात हवा अशीच बदलत होती. सकाळी ऊन, दुपारी उत्तरेचा वारा, संध्याकाळी आभाळ दगडासारखं. बस सुटताना तू तुझा तपकिरी कोट माझ्या खांद्यावर टाकलास. मी विचारलं, भुरी कुठे? आत्याकडे ठेवून आलो, म्हणालास. मला वाईट वाटलं. आमच्याकडे का नाही ठेवली, हे मनात आलं पण बोलले नाही; तू निघाला होतास, आणि निघणाऱ्याला टोचून बोलू नये असं मला तेव्हा वाटायचं. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. आठव्या दिवशी बाबा हरवलेली एक मेंढी शोधत टेकडीवर गेले, तर म्हातारा तिथल्या बंद दगडी गोठ्याचं दार खरवडायला लागला. तो तेव्हा इतका म्हातारा नव्हता. बाबांनी हाका मारल्या, दगड भिरकावला, तरी हलेना. शेवटी त्यांनी बाहेरची कडी काढली.

आत काय होतं ते मी तुला कधी लिहिलं नाही. आता लिहिते. भुरी साखळीला होती. पाण्याचं घमेलं गोठून दगड झालं होतं आणि त्यावर जिभेनं चाटून चाटून वाटीएवढा खळगा पडला होता. गळ्यातला चामडी पट्टा कुरतडून तिनं अर्धा खाल्ला होता. डाव्या कानाचं टोक थंडीनं काळं पडलं होतं, ते पुढे गळून पडलं. चार पिल्लं झाली होती. तीन मेलेली, ती तिनं एका बाजूला नीट एकापाशी एक लावून ठेवली होती, आणि चौथं पोटाखाली. म्हणून त्याचं नाव उरल्या. तू तिला बांधलंस तेव्हा तिचं पोट दिसत होतं रे. आंधळ्यालाही दिसलं असतं. बाबा तिला खांद्यावर घेऊन टेकडी उतरले, आणि पिल्लू शर्टाच्या आत. घरात येऊन त्यांनी दोघांना चुलीपाशी ठेवलं. मग एवढंच म्हणाले, साखळी त्याच्या घरचीच आहे.

मी चार दिवस आधीच तुला पत्र टाकून भुरीची खुशाली विचारली होती. त्याचं उत्तर आलं तेव्हा मी चुलीपाशी बसून उरल्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होते. एका हातात पिल्लू, एका हातात तुझं पत्र. ‘भुरी आत्याकडे मजेत आहे, खाऊन खाऊन लठ्ठ झाली आहे. उन्हाळा लागला की तुला न्यायला येतो, तोवर नीट अभ्यास कर.’ एकाच शाईनं, एकाखाली एक दोन वाक्यं. पहिलं वाक्य माझ्यासमोर कण्हत पडलं होतं. दुसऱ्याची किंमत कळायला मग वेळ लागला नाही. मी उत्तरात लिहिलं, भुरी मजेत आहे हे वाचून बरं वाटलं. तुझ्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

तू तसं का केलंस हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. आमचं घर वाटेवर होतं, बाबांनी तिला आनंदानं ठेवून घेतलं असतं. परीक्षेच्या ऐन दिवसांत, उरल्या मांडीवर झोपलेला असताना, ते एकदम सुटलं. आमच्याकडे ठेवली असतीस तर कधीतरी तिच्यासाठी तुला यावं लागलं असतं. तुला काहीच मागे ठेवायचं नव्हतं. म्हणजे कडी लावलीस त्या दिवशी तू भुरीबरोबर मलाही तिथेच सोडलंस, फक्त मला दाराच्या बाहेर. त्या दिवसापासून तुझं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटतं. मी शाळेत मुलांना रागावर विजय मिळवायला शिकवते, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून देते, आणि घरी येऊन रागाला कोंड्यातल्या निखाऱ्यासारखी ऊब देत बसते. मला त्याची लाज वाटत नाही.

बाबांच्या वतीनं तुला मीच उत्तर लिहिलं. जरूर या. मात्र कुत्र्याचा वाद आपण मेंढपाळ लोक जसा सोडवतो तसाच सोडवू. कुत्रं मोकळ्या माळावर बसवायचं, दावेदारानं टेकडीवरून शीळ घालायची; आलं तर त्याचं, नाही तर जिथे आहे तिथलं. तू आठ दिवसांत होकार कळवलास. वर लिहिलंस, ‘माझ्या शिळेला ती मसणातूनही उठून येईल.’ हा शब्द तुला सुचला कसा?

आणि तुझं खरंच होतं, हे मला आधी कळून घ्यावं लागलं. मी कधी शीळ घातली नव्हती. तीन दिवस नुसती हवा निघत होती. बाबा म्हणाले, एवढी शिकलीस, पण फुंकणीत आणि तुझ्यात फरक नाही. चौथ्या दिवशी जमली. दोन आखूड, एक लांब, शेवटचा सूर वर. भुरी झोपेतून ताडकन उठली, दाराबाहेर गेली आणि फाटकाशी उभी राहिली. दाट धुकं होतं. टेकडीच्या दिशेनं तोंड करून, तो तुटका कान ताठ करून ती जवळजवळ तासभर उभी होती. शेपटी थरथरत होती. तीन वर्षांनंतरही. तुझा इतका राग मला त्या आठव्या दिवशीही आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझीच शीळ ऐकून माझेही पाय उंबऱ्यापर्यंत गेले होते.

मग आम्ही कामाला लागलो. मी रोज शाळेतून आल्यावर तुझा तो कोट अंगात घालायचे, कारण वासही मोजला जातो, आणि शीळ घालायचे. त्याच क्षणी बाबा घराच्या दारातून ताटात गरम हाड टाकायचे. आधी अंगणातून, मग कुंपणापासून, मग विहिरीपाशी. धुकं गेलं, कोरडा वारा आला, माझे ओठ फुटून रक्त यायला लागलं. त्यावर लोणी चोळून शीळ घातली. मग मधेच अवकाळी पाऊस झाला आणि पाठोपाठ बर्फ. म्हातारा ऐकू येत नसूनही भुरीच्या मागे धावायला शिकला, त्याचं बघून उरल्या, आणि पुढे पुढे शेजारची दोन कुत्रीही. बाबा म्हणाले, आता या शिळेवर गावातलं एक कुत्रं त्याच्याकडे जायचं नाही, सगळी जेवायला आपल्याकडे येतील. ही लबाडी आहे का, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, ती शीळ ऐकली की तिला टेकडी आठवायची, आता घर आठवतं, एवढंच तर केलंस तू.

सगळ्यात शेवटी मी टेकडीवर गेले. त्याच गोठ्याच्या दारात उभी राहिले, खाली माळावर भुरी बसलेली, पांढऱ्यावर एक राखी ठिपका. मी शीळ घातली. तिनं वर पाहिलं. तिनं मला ओळखलं, हे इतक्या लांबूनही कळलं. मग तिनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि घराकडे धावत सुटली. रडू फक्त तेव्हा आलं. तुझ्याकडे पाठ फिरवायला शिकवायचं म्हणून तिला आधी माझ्याकडे पाठ फिरवायला शिकवावं लागलं, आणि ते पुन्हा पुन्हा, वीस दिवस.

आता हे पत्र कशासाठी ते. हे टपालात टाकणार नाही. उद्या बाबांच्या खिशात असेल, आणि तुझी शीळ संपेपर्यंत तिथेच राहील. भुरी तुझ्याकडे आली, तर बाबा ते चुलीत घालतील आणि निमूटपणे साखळी तुझ्या हातात देतील. तसं मी त्यांच्याकडून वचन घेतलं आहे. म्हणजे तू हे वाचतो आहेस याचा अर्थ ती आली नाही. तू वर उभा आहेस, सासरे शेजारी, पायाखाली चिखल, आणि तुझं कुत्रं तुझ्याकडे पाठ करून घरात जेवतं आहे. कोट बाबांनी तुला दिला असेलच, तुझं ते दोन वाक्यांचं पत्र त्याच्या खिशात आहे. सासरे आता विचारतील की कुत्रीचा कान कसा तुटला. मेंढ्या राखणारा माणूस हे विचारणारच. बाबा सांगतील. त्यांना खोटं बोलता येत नाही, पण थोडक्यात सांगता येतं. आणि तू एकदा शीळ घालून थांबणारा नाहीस, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घातली असशील. मी मागच्या खिडकीशी, वह्या तपासत बसलेली असेन. तिथे सगळं स्वच्छ ऐकू येतं. भुरीनं ऐकली, मीही ऐकली.

शीळ ऐकूनही जागची न उठलेली,
मी