दुर्बिणीखालच्या फिरत्या पाटाचे सील काढण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
कामगार वसाहत कार्यालय, तळमजला.

विषय : गच्चीचे कुलूप व दुर्बिणीखालच्या पाटाचे सील एका तासापुरते काढून मिळणेबाबत.
संदर्भ : १) गच्चीच्या दारावर डकवलेली आपली नोटीस. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

मी कारखान्याच्या लेथ विभागातून निवृत्त झालेला कामगार असून थोरल्या बहिणीसह सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पाचव्यांदा लिहीत आहे, त्यामुळे प्रस्तावना आखडती घेतो.

१. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीत धरलेला ग्रह पाऊण मिनिटात बाहेर सरकतो. दुर्बीण हाताने ढकलत राहावे लागते. ताई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. शनीचे कडे त्यांनी एकतीस वर्षे फळ्यावर काढले, प्रत्यक्ष एकदाही पाहिले नाही. आता त्यांचे हात थरथरतात. दुर्बिणीला बोट लावले की अख्खे आभाळ हलते. मग त्या हात मागे घेतात आणि चष्मा पुसत बसतात.

२. म्हणून मी पाट केला. प्लायवुडच्या दोन फळ्या, चार बेअरिंग, आटे पाडलेली सळई आणि सेलवर चालणारी मोटर. वरची फळी पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने तासभर कलत जाते. तिच्यावर दुर्बीण ठेवली की ग्रह जागचा हलत नाही, हात लावावा लागत नाही. पाट नेमका उत्तरेकडे बसावा म्हणून गच्चीच्या कोब्यात तीन खळगे केले. त्यात नऊ दिवस गेले.

३. आपले निरीक्षक आले. त्यांनी पाच मिनिटे पाटाकडे टक लावून पाहिले, तो हलताना दिसला नाही, आणि खळग्यांवरून 'कायमस्वरूपी बांधकाम' असा शेरा मारला. मागोमाग विद्युत विभागाचे साहेब आले. त्यांनी मोटरला कान लावला व 'विनापरवाना चालते यंत्र' असे लिहिले. आता बांधकामवाले म्हणतात यंत्राचा परवाना आणा, विद्युतवाले म्हणतात आधी बांधकाम पाडा. महोदय, पाट चोवीस तासांत एक फेरा या वेगाने चालतो. घड्याळाचा तासकाटा त्याच्या दुप्पट पळतो, तोही कुणाला चालताना दिसत नाही. आपल्या टेबलावरच्या घड्याळाला मात्र अद्याप नोटीस चिकटलेली नाही.

४. एक गोष्ट मागच्या चारही अर्जांत मी गिळली. या शेऱ्यांनंतर वेग जुळून पाट पहिल्यांदा बरोबर चालला त्या संध्याकाळी मी ताईंना लगेच हाक मारायला हवी होती. मारली नाही. शनी कड्यासकट मधोमध स्थिर उभा होता आणि मी अकरा मिनिटे एकटाच पाहत राहिलो. मग हाक मारली. गच्चीचा जिना चढायला त्यांना दहा मिनिटे लागतात. त्या दारात पोहोचल्या तेव्हा आपले शिपाई पाटाला सील लावत होते. ताई म्हणाल्या, राहू दे रे. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो. अपराध माझा आहे आणि शिक्षा त्यांना होत आहे.

५. महिनाअखेरीनंतर शनी समोरच्या पाण्याच्या टाकीआड जातो. पुढच्या वर्षी तो परत येईल, परंतु ताईंच्या पायांची व डोळ्यांची हमी डॉक्टर देत नाहीत. तरी येत्या गुरुवारी सायंकाळी सात ते आठ गच्ची उघडून मिळावी. त्यानंतर पाट मोडून खळगे बुजवून देईन, तसे लिहून देतो.

६. ताई शिस्तीच्या आहेत. परवानगीवाचून त्या एक पायरी चढणार नाहीत. म्हणून परवानगी मिळाली असे मी त्यांना सांगून टाकले आहे. गुरुवारी पावणेसातला त्या जिना चढू लागतील. वर कुलूप दिसले तर त्यांना काय सांगायचे, तेवढे बुधवारपर्यंत लेखी कळवावे.

आपला नम्र व येरझाऱ्या घालणारा,
(सही)
निवृत्त लेथ कामगार, खोली क्र. १२
दिनांक : १९, शुक्रवार

सोबत :
१) चार अर्जांच्या पोचपावत्या.
२) दोन्ही विभागांच्या शेऱ्यांच्या प्रती.
३) ताईंनी काल काढलेले शनीचे चित्र. कडे वाकडे आले आहे, कृपया समजून घ्यावे.